डाव्या कानाचा वास

संध्याकाळी बँकेतून घरी आले की चपला काढायच्या आधी मी मुलीचा डावा कान हुंगायची. आज सांगताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. दिवसभर माझ्यामागे त्या कानात कोणी काय घातलं ते वासावरून कळतं, अशी माझी खात्री होती. लसूण असेल तर दारातूनच ओळखू यायची. ओव्याची धुरी दिली असेल तर वास केसांना लागलेला असायचा. रुईचं पान तव्यावर गरम करून पिळलं असेल तर हिरवट, उग्र वास. आणि या सगळ्यांच्या खाली कानाचा स्वतःचा एक वास होता, दोन दिवस ओलं राहिलेल्या फडक्यासारखा. तो आला म्हणजे कान पुन्हा वाहायला लागला.

मुलगी साडेपाच वर्षांची होती. आमची बदली होऊन बनारसला येऊन वर्ष झालं होतं. यांचं रेल्वेचं ऑफिस नदीपलीकडे, सकाळी सातला जायचे आणि अंधार पडल्यावर यायचे. मी बँकेत. मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत एका मराठी कुटुंबाच्या घरात वरच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या होत्या. खाली घरमालकीण एकट्याच राहायच्या. चार पिढ्यांपूर्वी कोकणातून आलेलं भिक्षुकाचं घराणं, यजमान गेलेले, मुलं नोकरीला बाहेरगावी. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची, माझी मुलगीसुद्धा. शाळा दुपारी साडेबाराला सुटली की रिक्षावाला तिला काकूंच्या दारात उतरवायचा आणि मी येईपर्यंत ती त्यांच्याजवळ असायची. यासाठी काकूंनी माझ्याकडून कधी काही घेतलं नाही. त्यामुळेही मला थोडा संशय यायचा, हे कबूल करायला हवं.

संशय घेणं हे तेव्हा माझं कामच होतं. दिवसभर चेकवरची सही आणि कार्डावरची सही शेजारी ठेवून जुळते का बघायची. या कामात मी चांगली होते. वळणात जरा फरक दिसला की मी चेक बाजूला काढायची. घरी येऊनही डोळे तसेच राहायचे.

कान आदल्या हिवाळ्यापासून वाहत होता. मुलांच्या डॉक्टरांनी औषध दिलं की थांबायचा आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा सुरू व्हायचा. चौथी बाटली संपली आणि आम्ही कंटाळलो. ऑफिसातल्या एकाने साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांची कुपी आणून दिली, ती महिनाभर चालली. मग शाळेतून चिठ्ठी आली की मुलगी वर्गात लक्ष देत नाही. त्या रविवारी ती चित्र रंगवत असताना मी तिच्या मागे, डाव्या बाजूला उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "जिलबी हवी का?" ती रंगवत राहिली. मी उजव्या बाजूला गेले आणि तेच, तितक्याच हळू म्हटलं. ती लगेच वळली, "कुठाय?"

मी जिलबी आणायला यांना पाठवलं आणि न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं. तिचा एक कान जाणार का, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्याबरोबर बँकेत येऊ लागला.

शोधता शोधता एका वैद्यांचं नाव कळलं. त्यांच्या दवाखान्यात भिंतीवर पदवी होती, काच लावून मढवलेली. आमच्या घराण्यात शिकलेलं कोणी नव्हतं. वडील तालुक्याच्या गावी शिंपी होते. माझा कॉलेजचा फॉर्म शाळेतल्या बाईंनी स्वतःच्या हाताने भरला, त्या माउलीचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही. बी.कॉम. झाले तेव्हा वडिलांनी माझी पदवी मढवून शिलाई मशीनच्या वर टांगली. आमच्या घरात देवांच्या तसबिरी सोडल्या तर काचेत बसवलेली ती पहिली वस्तू. त्यामुळे मढवलेली पदवी दिसली की माझे हात आपोआप जोडले जायचे. तिथे मी शंका घ्यायला शिकलेच नव्हते.

वैद्यांनी मुलीची नाडी पाहिली, जीभ पाहिली, वायू बिघडलाय म्हणाले आणि औषधी तेलाची बाटली दिली. रोज संध्याकाळी तेल कोमट करून कान भरायचा, शंभर आकडे मोजायचे, मग कूस बदलून तेल निथळू द्यायचं. मी ते इतकं मन लावून केलं की काय सांगू. मुलीला मांडीवर आडवी घ्यायची, आधी मनगटावर थेंब टाकून बघायची, आणि आकडे आम्ही दोघी मिळून मोजायचो. साठाच्या पुढे ती चुकवायची आणि मला पुन्हा पन्नासावर न्यायची.

त्या तेलाला बडीशेपेसारखा वास होता. म्हणूनच त्यात लसूण मिसळली की मला लगेच कळायचं.

पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सरळ खाली गेले. काकू चौरंगाशी वाती वळत बसल्या होत्या. त्यांचा लक्ष वातींचा नेम होता, चातुर्मासात लाख वाती वळायच्या आणि कार्तिकात लावायच्या. सोवळ्याचा कापूस पितळी डब्यात असायचा आणि त्या डब्याला कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे. मी विचारलं, मुलीच्या कानात काय घातलंत? त्या आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, एकच थेंब, लसणीचं तेल, त्यांच्या चारही मुलांचे कान त्याच्यावरच निभले. मी म्हटलं, वैद्यांचं औषध चालू असताना दुसरं काही घालायचं नाही. आणि किती वेळा घातलंत, कधीपासून, अजून काय काय केलंत, असं एकामागून एक विचारत सुटले.

काकूंनी वात खाली ठेवली.

"तू बँकेत नोकरी करतेस की थान्यात? एकदम दरोगाच झालीस तू तर."

मी हसले नाही. मी म्हटलं, "पुन्हा वास आला तर मी तिला दुसरीकडे ठेवीन, काकू. पुढच्या गल्लीत एक बाई मुलं सांभाळतात."

त्यांनी वात पुन्हा हातात घेतली. वर आल्यावर मला बरं वाटलं, सही न जुळणारा चेक परत केल्यावर वाटायचं तसं.

पण लसूण थांबली नाही. दोन-चार दिवस गेले की एखाद्या संध्याकाळी पुसट वास यायचा. मी मुलीला विचारलं तर ती म्हणायची, "काकू काही नाही करत." हे ती इतक्या लगेच म्हणायची की मला वाटे, हे तिला पढवलेलं आहे. पुढच्या गल्लीतल्या बाईंकडे मी एकदा जाऊनही आले. तिथे एका खोलीत अकरा मुलं होती आणि दाराला बाहेरून कडी होती. मी तशीच परतले. पण काकूंना धमकी तीच देत राहिले.

श्रावण संपता संपता एकदम लसूण बंद झाली. एक आठवडा, दोन आठवडे, वास नाही. मला वाटलं, माझ्या दटावणीचा शेवटी उपयोग झाला. यांनाही तसं सांगितलं. हे म्हणाले, "मग आता तरी बिचाऱ्या पोरीला घरात आल्यावर आधी हुंगू नकोस. पोलीस कुत्र्यासारखी दिसतेस." मी हुंगणं सोडलं नाही. आणि लवकरच दोन नव्या गोष्टी लक्षात आल्या.

एक म्हणजे दांडीवर संध्याकाळी काकूंचं ओलं लुगडं असायचं. त्यांची आंघोळ पहाटेची, लुगडं दहापर्यंत वाळून घडी होऊन जायचं. हे दुसरं लुगडं कुठलं? म्हणजे दुपारी या पुन्हा गंगेवर जातात. मग मुलीला एकटी ठेवतात का? छे, बरोबर नेत असणार. आणि नेली म्हणजे बुडी देत असणार. मी मुलीचे केस चाचपून बघितले, कोरडे होते. पण बनारसच्या उन्हात केस वाळायला कितीसा वेळ लागतो.

दुसरी गोष्ट तिच्या शाळेच्या फ्रॉकच्या खिशात सापडली. कपडे भिजवायच्या आधी मी खिसे उलटे करायची, त्यातून एक वात पडली. काकूंच्या हातचीच, बारीक पीळ असलेली, पण चुरगळलेली आणि पिवळी पडलेली. मी ती नाकाशी नेली. बडीशेपेसारखा वास. माझ्याच वैद्यांचं तेल. मी कितीतरी वेळ मोरीशी ती वात हातात धरून उभी होते. काकूंच्या वातीला माझं तेल कसं? शेवटी मी ठरवून टाकलं की काकूंनी माझ्या बाटलीतलं तेल पळवलं आहे आणि दुपारीही तिच्या कानात वात बुडवून घालत आहेत. संध्याकाळचं तेल घालून झालं की बाटलीवरच्या चिठ्ठीवर मी पेन्सिलीने खूण करू लागले. दुसऱ्या दिवशी तेल खुणेला होतं, तिसऱ्याही दिवशी होतं. तरी माझा विश्वास बसला नाही. मी ती वात कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवली, पुरावा म्हणून.

त्या रविवारी मी मुलीला घेऊन घाटावर उतरले. अहिल्याबाई घाट आमच्या घाटाला लागूनच. तिथे पायऱ्यांवर छत्रीखाली एक कान साफ करणारा बसायचा. डोक्याला लाल फडकं, त्यात खोचलेली सळई आणि कापूस. बनारसला त्याला कनमैलिया म्हणतात. मी त्याला आधीही नीट पाहिलेलं होतं. यात्रेकरूच्या कानात सळई घालायचा आणि कानातून वाटाण्याएवढा खडा काढून तळहातावर दाखवायचा. तो माणूस घाबरून आणखी पैसे द्यायचा. खडा कुठून येतो ते मी तीन रविवार बघून शोधून काढलं होतं. डाव्या हाताच्या करंगळीत जाड अंगठी होती, तिच्या मागे. मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

आम्ही समोरून जात होतो. त्याने मान वर केली आणि माझ्या मुलीकडे बघून हसून विचारलं, "क्यों बिटिया, कान कैसा है अब?"

मुलगी माझ्या पदरामागे लपली.

लसूण परवडली, रुईचं पान परवडलं. हा लोखंडी सळईवाला, अंगठीतून खडे काढणारा माणूस, आणि माझ्या मुलीच्या कानात! मी त्याला विचारलं, तू हिला कसा ओळखतोस, कोणी आणलं होतं, काय केलंस, किती घेतलेस. माझा आवाज चढला होता, दोन-चार माणसं थांबली. तो उठून उभा राहिला.

"हाथ नहीं लगाया, बहनजी. माँजी लेकर आई थीं. धूप में शीशा दिखाकर देखा, बस." त्याने खिशातून एक छोटा गोल आरसा काढून दाखवला. "परदे में छेद है. माँजी को बोल दिया था, तेल-पानी कुछ मत डालिए, बड़े अस्पताल में दिखाइए."

मी म्हटलं, तुझे धंदे मला माहीत आहेत. मी अंगठीकडे बोट दाखवलं. मला वाटलं तो चिडेल. तो अंगठी फिरवत जरा हसला आणि आवाज खाली आणून बोलला, बाजूच्यांना ऐकू जाणार नाही असा.

"हमारा धंधा अच्छे कानों का है, बहनजी. बीमार कान में हम सलाई नहीं डालते."

मी वाट बघत राहिले. आता हा एखाद्या डॉक्टरचं नाव सांगेल, पत्ता देईल, माझं नाव सांगा म्हणेल, म्हणजे यात त्याचं काय आहे ते कळेल. त्याने नाव सांगितलं नाही. तो खाली बसला आणि पुढच्या गिऱ्हाईकाच्या कानाची पाळी ओढून धरली.

परत येताना मुलीला विचारलं, काकू तुला इथे कधी घेऊन आल्या? ती म्हणाली, "राखी के बाद." मग थांबून म्हणाली, "आई, काकूला दुसरीकडे नको ठेवू." तिला म्हणायचं होतं, मला दुसरीकडे नको ठेवू. मी तिची चूक सुधारली नाही.

राखीनंतर. म्हणजे लसूण बंद झाली ती तेव्हापासून.

काकू खाली वाती वळत होत्या. मी पर्समधून कागद काढला, उलगडून चौरंगावर ठेवला. त्यांनी ती पिवळी वात पाहिली, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना कळलं की मला कळलं आहे.

त्यांनी सगळं सांगितलं, सावकाश, मधूनमधून थांबत. लसणीने गुण येईना म्हणून त्या मुलीला कनमैल्याकडे घेऊन गेल्या होत्या. तो तेल नको म्हणाला. त्यांनी स्वतःचं तेल त्या दिवशी बंद केलं. पण रोज दुपारी बघावं तर कानात माझं तेल असायचंच. मग मुलगी जेवून झोपली की त्या वातीने कान पुसायच्या, एक ओली झाली की दुसरी, कोरडी निघेपर्यंत. घरात मऊ कापूस तेवढाच होता, सोवळ्याचा. वाहता कान सोवळ्याच्या कापसाने पुसला म्हणजे विटाळ झाला. म्हणून त्या दुपारी घरातच पुन्हा आंघोळ करायच्या आणि मगच डब्याला हात लावायच्या. दांडीवरचं दुसरं लुगडं ते होतं. एका दुपारी मुलीने पुसलेली वात गंमत म्हणून उचलून खिशात टाकली असावी.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तुम्हाला कुठून कळलं. मग घाटावर नेल्याचं निघालं असतं, मग लसणीचं. मग तू बिटियाला उचलून त्या बाईकडे नेऊन बसवलं असतंस. तिथं तिचा कान कोणी पुसला असता?"

खोटं कशाला सांगू, त्याही वेळी मनाचा एक कोपरा म्हणत होता की काकू आणि तो कनमैलिया ठरवून बोलत असतील. सोमवारी रजा घेऊन मी मोठ्या रुग्णालयात गेले ते ती दोघं चूक ठरावीत म्हणून.

डॉक्टर वयस्क होते, कपाळावर गोल आरसा बांधलेला. त्यांनी कानात बराच वेळ पाहिलं. पडद्याला छिद्र होतं. तेल कोण घालतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी. रोज? रोज. त्यांनी मान हलवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, एवढ्या तेलात हा कान याहून वाईट असायला हवा होता, आत कोणी पुसतं का? मी म्हटलं, घरमालकीण. ते म्हणाले, त्यांना सांगा, असंच चालू ठेवा. पाणी नाही, तेल नाही, आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला बोळा. त्यांनी मला कापसाची वात वळून दाखवली. काकूंच्या वातीपुढे ती अगदीच ओबडधोबड होती.

नंतर ऐकण्याची तपासणी झाली. डाव्या कानाला कमी ऐकू येत होतं. भरून येईल का, ते डॉक्टर सांगू शकले नाहीत. कान कोरडा राहिला तर छिद्र भरेल, नाही भरलं तर मोठी झाल्यावर शस्त्रक्रिया, एवढंच म्हणाले.

उरलेली बाटली घेऊन मी वैद्यांकडे गेले. विचारलं, तुम्ही कानात पाहिलं का नाहीत? ते शांतपणे म्हणाले, रोग कानात नसतो, वायूत असतो, आणि दुसरी बाटली पुढे केली. मी भिंतीवरच्या पदवीजवळ जाऊन सह्या बारकाईने पाहिल्या. दोन्ही खऱ्या वाटत होत्या. बाटली न घेता मी बाहेर आले.

छिद्र लहान झालं, पण पूर्ण भरलं नाही. मुलगी अकरा वर्षांची असताना शस्त्रक्रिया झाली. आजही कोणाशी बोलताना ती उजवा खांदा थोडा पुढे करते. तिचं तिला कळत नाही. मला कळतं.

त्या वर्षीच्या कार्तिकात काकूंचं पंचगंगा घाटावर स्नान सुरू झालं. गल्ल्यागल्ल्यांतून चालत जायचं, पहाटेचं. मुलीने हट्ट धरला, काकूंबरोबर जायचं. मी हो म्हटलं. काकूंना निक्षून सांगायचं होतं, बुडी नाही, पाणी नाही, पण ओठांवर आलेलं गिळलं. त्या दोघी निघाल्या, आणि पाच मिनिटांनी मी शाल गुंडाळून त्यांच्यामागे निघाले.

पंचगंगेच्या पायऱ्या उभ्या आहेत. मी वरच एका खांबाच्या आड उभी राहिले. खाली बायकांची गर्दी होती, दिवे लागलेले होते. काकूंनी मुलीला पाण्यापासून चार पायऱ्या वर बसवलं. डोक्यावरून, कानावरून स्वतःची लोकरी शाल घट्ट बांधली. वातींची परडी तिच्या मांडीवर दिली. मग खाली जाऊन स्वतः तीन बुड्या घेतल्या, तांब्याभर पाणी आणलं आणि मुलीच्या पायांवर, नुसत्या पायांवर, ओतलं. मुलगी थंडीने पाय आखडून हसायला लागली.

काकूंनी वर पाहिलं नाही. ओल्या पदराचं टोक पिळत, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ये गं, पुढे ये. तिथनं नीट दिसायचं नाही."

मी खाली उतरले. परडीत सकाळच्या वाती होत्या. त्यांतल्या चार-पाच बाजूला, वेगळ्या कागदात ठेवलेल्या. त्या कशासाठी, हे मी विचारलं नाही. मुलीच्या डोक्यावरची शाल सारखी करायच्या निमित्ताने मी वाकले आणि तिचा डावा कान हुंगला. काकूंनी पाहिलं.

कशाचाच वास नव्हता.